कायद्याचा कट्टा : पूल ओलांडला, परवाना संपला

मागच्या अंकात घरमालक-भाडेकरूंच्या पत्रांना उत्तरं देताना शेवटी सहज लिहून गेले होते, की पिस्तुलांबद्दल कुणाला काही विचारायचं असेल तर संकोच करू नका. दोन-तीन पत्रं येतील असा अंदाज होता. आली एकतीस. गणपतीच्या हॉलमध्ये प्रसादाच्या रांगेत हा विषय कुणी काढत नाही. पण आपल्या बऱ्याच घरांत कपड्यांच्या कपाटामागे एक छोटी तिजोरी असते आणि तिच्यात नुसते दागिने नसतात, हे अठरा वर्षं न्यू ब्रन्सविकच्या कोर्टात उभं राहून मला चांगलं ठाऊक झालंय.

पाच पत्रं निवडली आहेत. नावं काढली, ओळख पटेल असे तपशील बदलले. आणि आधीच सांगते, मी वकील न्यू जर्सीची. इथलं उत्तर टेक्सासात चालवायला जाऊ नका.

प्रश्न : माझा धाकटा भाऊ फिलाडेल्फियाजवळ राहतो. ग्रीन कार्ड आहे, पेनसिल्व्हेनियाचा पिस्तूल बाळगायचा परवानाही आहे. मागच्या महिन्यात आमच्याकडे सत्यनारायणाला येत होता. टर्नपाइकवर मागचा दिवा बंद म्हणून पोलिसांनी थांबवलं. यानं आपणहून सांगितलं, "ग्लोव्ह कंपार्टमेंटमध्ये पिस्तूल आहे, हा परवाना." तिथंच बेड्या घातल्या. आता वकील म्हणतो, कमीत कमी साडेतीन वर्षं. चोरी नाही, मारामारी नाही, हे कसं शक्य आहे? (एडिसनची एक थोरली बहीण)

उत्तर : ताई, शक्य आहे, आणि याच राज्यात पूर्वी घडलंही आहे. ऑक्टोबर 2013 मध्ये फिलाडेल्फियाची शनीन ॲलन नावाची बाई, दोन मुलांची एकटी आई, अटलांटिक काउंटीत गाडी चालवत असताना पोलिसांनी थांबवलं. तिनंही तुमच्या भावासारखंच आपणहून सांगितलं, जवळ पिस्तूल आहे आणि पेनसिल्व्हेनियाचा परवाना आहे. परवाना खरा होता, बाईच्या नावावर कुठलाही गुन्हा नव्हता. तरी तिच्यावर खटला उभा राहिला आणि हीच साडेतीन वर्षं तिच्या डोक्यावर टांगली गेली. पुढचं सांगते, आधी हिशेब समजून घ्या.

न्यू जर्सीत गुन्ह्यांच्या चार पायऱ्या आहेत. चौथीला जास्तीत जास्त 18 महिने, तिसरीला 3 ते 5 वर्षं, दुसरीला 5 ते 10, पहिलीला 10 ते 20. याच्याही खालचं जे किरकोळ, त्याला 'डिसऑर्डरली पर्सन्स ऑफेन्स' म्हणतात. त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, आणि ते गावच्या म्युनिसिपल कोर्टात निघतं. इथला बाळगण्याचा परवाना नसताना जवळ हँडगन असणं हा दुसऱ्या पायरीचा गुन्हा. साधी जबरी चोरीही त्याच पायरीवर बसते. पिस्तूल कुणावर रोखलं, काढलं, दाखवलं, यातलं काहीही सिद्ध करावं लागत नाही. दुसऱ्या राज्याचा परवाना न्यू जर्सी मानत नाही. पेनसिल्व्हेनियाच्या शेरीफनं दिलेलं ते कार्ड डेलावेअर नदीवरचा पूल ओलांडला की वाचनालयाच्या कार्डाइतकंच कामाचं.

साडेतीन वर्षं येतात 'ग्रेव्ह्ज ॲक्ट'मधून, म्हणजे बंदुकीच्या गुन्ह्यांत किमान कैद ठरवणाऱ्या इथल्या कायद्यातून. सुनावलेल्या शिक्षेचा निम्मा भाग किंवा 42 महिने, यातलं जे जास्त असेल तोवर पॅरोल नाही. पाच वर्षं सुनावली तर निम्मी होतात अडीच, म्हणून 42 महिने लागू. न्यायाधीशाला दया आली तरी त्याचे हात बांधलेले. ती गाठ सैल करायची किल्ली सरकारी वकिलाकडे असते.

आणखी एक गोष्ट भावाला विचारा : पिस्तुलात गोळ्या कुठल्या होत्या? टोकाला खळगा असलेल्या, ज्यांना 'हॉलो पॉइंट' म्हणतात, त्या पेनसिल्व्हेनियात दुकानात सर्रास मिळतात आणि स्वसंरक्षणासाठी बहुतेकांकडे त्याच असतात. न्यू जर्सीत घर, रेंज (नेमबाजीच्या सरावाची जागा) अशा ठरावीक जागांबाहेर त्या जवळ असणं हा वेगळा, चौथ्या पायरीचा गुन्हा. माझ्याकडे आलेल्या बहुतेक पेनसिल्व्हेनियावाल्यांच्या आरोपपत्रात ही दुसरी ओळ असतेच आणि ती वाचून प्रत्येकजण विचारतो, "गोळ्यांचंसुद्धा?" हो, गोळ्यांचंसुद्धा.

आता ॲलनबाईंचं पुढे काय झालं. तिला 'पीटीआय', म्हणजे खटल्याआधी देखरेखीखाली ठेवून शेवटी आरोप काढून टाकायची योजना, सुरुवातीला नाकारली होती. प्रकरण देशभर गाजलं. सप्टेंबर 2014 मध्ये राज्याच्या ॲटर्नी जनरलनं सगळ्या सरकारी वकिलांना खुलासा पाठवला : स्वतःच्या राज्यात ज्याचं पिस्तूल कायदेशीर होतं आणि जो अजाणता इथं सापडला, त्याला तुरुंगाऐवजी ही वाट देण्याचा विचार करा. तिला पीटीआय मिळाली आणि एप्रिल 2015 मध्ये गव्हर्नर क्रिस्टींनी तिला माफीही दिली. तो खुलासा तुमच्या भावाचा मुख्य आधार. त्यात बघतात ते असं : पिस्तूल लोकांच्या किती हाताशी होतं, चूक एकदाच झाली का, आणि पोलिसांना त्यानं आपणहून सांगितलं का. तेव्हा ज्या प्रामाणिकपणामुळे बेड्या पडल्या, तोच आता कामाला येईल. दैवगती म्हणा हवं तर.

पण ताई, तुमचा भाऊ नागरिक नाही. त्याला दोन कोर्टं आहेत, आणि दुसरं अजून दिसतही नाहीये. परदेशी नागरिक बंदुकीच्या कुठल्याही कायद्याखाली दोषी ठरला, की केंद्राच्या इमिग्रेशन कायद्यानं तो हद्दपारीला पात्र होतो. ग्रीन कार्ड वीस वर्षांचं असलं तरी. आणि इमिग्रेशनच्या भाषेत 'दोषी'चा अर्थ फार ऐसपैस आहे. आरोपीनं गुन्हा कबूल केला आणि न्यायाधीशानं थोडी अट घातली, एवढ्यावर ते त्याला दोषी धरतात. राज्यानं पुढे आरोप काढून टाकले तरी फरक पडत नाही. काही प्रकरणांत पीटीआयसाठी आधी गुन्हा कबूल करून घेतात. म्हणून "पीटीआय मिळतेय, सही कर" असं कुणी म्हणालं तर सही करण्याआधी इमिग्रेशनचा वकील बघा. 2010 पासून सुप्रीम कोर्टानं हे बचावाच्या वकिलावर बंधनकारकच केलंय : हद्दपारीचा धोका अशिलाला सांगितलाच पाहिजे. तुमच्या पत्रात वकिलानं साडेतीन वर्षं सांगितली, ग्रीन कार्डाबद्दल चकार शब्द नाही. उद्या सकाळी फोन करा त्याला.

आणि निकाल लागेपर्यंत 'निर्दोष आहे' म्हणून निश्चिंत राहू नका, कारण पिस्तुलाचा हक्क निकालाची वाट बघत नाही. ग्रँड ज्युरीनं आरोपपत्र मंजूर केलं, की केंद्राच्या कायद्यानं त्याला नवं हत्यार घेता येत नाही. घरी आधीचं असेल ते तो कायदा काढून घेत नाही, पण न्यायाधीश सुटकेच्या अटींत ते जमा करायला सांगू शकतो. पेनसिल्व्हेनियाच्या परवान्याच्या कलमात तर स्पष्ट लिहिलंय, की वर्षाहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्याचा नुसता आरोप असलेल्यालाही परवाना मिळणार नाही. म्हणजे भावानं पुढल्या महिन्यात नूतनीकरणाचा अर्ज टाकला तर तो फेटाळला जाणार.

ग्लोव्ह कंपार्टमेंटबद्दल एकच. पिस्तूल गाडीतून न्यायची रीत म्हणजे गोळ्या काढलेल्या, बंद पेटीत किंवा कुलूपबंद डिकीत, आणि जायचं ते रेंजवर किंवा एका घरातून दुसऱ्या घरात, वाटेत इकडेतिकडे न रेंगाळता. केंद्राच्या कायद्यात, एका राज्यातून दुसऱ्यात निव्वळ पार होणाऱ्या प्रवाशाला जी सवलत आहे तिच्यात, ग्लोव्ह कंपार्टमेंट चालत नाही असं नाव घेऊन लिहिलंय. आणि ती सवलत किती तकलादू आहे ते 2005 मध्ये यूटाच्या ग्रेग रेव्हेल यांना कळलं. विमानानं पेनसिल्व्हेनियाला निघाले होते, नेवार्कला पुढचं विमान चुकलं, सामान ताब्यात घेऊन रात्र हॉटेलात काढली. सकाळी चेक-इनला इमानदारीत सांगितलं, बॅगेत पिस्तूल आहे. अटक झाली, दहा दिवस कोठडी. आरोप पुढे मागे घेतले गेले. नुकसानभरपाईचा दावा मात्र 2010 मध्ये अपील कोर्टानं फेटाळला, कारण हॉटेलात बॅग हाताशी होती. सत्यनारायणाला येणाऱ्या पाहुण्यांना आता आमंत्रणातच सांगा : पिस्तूल घरी ठेवून या.

प्रश्न : बायकोनं रागाच्या भरात पोलीस बोलावले आणि माझ्याविरुद्ध रिस्ट्रेनिंग ऑर्डर (तिच्यापासून लांब राहण्याचा कोर्टाचा आदेश) काढली. झालं इतकंच होतं की वादाच्या वेळी मी जेवणाच्या टेबलावर पिस्तूल साफ करत होतो. पोलिसांनी दोन पिस्तुलं आणि बंदूक-खरेदीचं ओळखपत्र नेलं. आठ दिवसांनी कोर्टात तिनं ऑर्डर मागे घेतली. तरी पिस्तुलं परत देत नाहीत, उलट एक कागद पाठवलाय की हक्क सोडतो अशी सही करा. मी अमेरिकन नागरिक आहे, हा माझ्या घटनात्मक हक्काचा भंग नाही का?

उत्तर : आधी एक विचारते, रागावू नका. वादाच्या मधेच पिस्तूल साफ करायची आठवण झाली? तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा नजर त्याच ओळीवर अडली. न्यायाधीशाचीही अडणार.

कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात न्यायाधीश तात्पुरता आदेश एकतर्फी, एकीचंच ऐकून, देऊ शकतो आणि त्यातच हत्यारं, गोळ्या आणि ओळखपत्र जप्त करायला सांगू शकतो. त्यानंतर साधारण दहा दिवसांत अंतिम सुनावणी. अंतिम आदेश झाला असता, तर गोष्ट संपलीच होती. न्यू जर्सीत त्याला मुदत नसते, कोर्टानं रद्द करेपर्यंत तो आयुष्यभर चालतो आणि तोवर बंदूक नाही. केंद्राचा कायदाही तेच म्हणतो. 2024 च्या जूनमध्ये सुप्रीम कोर्टानं टेक्सासच्या रहिमी प्रकरणात आठ विरुद्ध एक मतांनी तो कायदा घटनेत बसतो असा निकाल दिला. तुमच्या घटनात्मक हक्काचं उत्तर त्यातच बरंचसं आलं.

तुमच्याबाबतीत आदेश मागे घेतला गेला. बायकोची बाजू तिथं संपली, सरकारची नाही. जप्तीपासून 45 दिवसांच्या आत सरकारी वकील कोर्टात अर्ज करू शकतो की ही हत्यारं परत देऊ नका. इथं गुन्हा सिद्ध करायचा नसतो. पुराव्याचं पारडं जरासं जरी झुकलं की तुमच्या हातात पिस्तूल असणं लोकांच्या सुरक्षिततेला बरं नाही, तर तेवढं पुरतं. 2016 मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टानं चक्क एका पोलीस अधिकाऱ्याची हत्यारं अशीच परत नाकारली. त्याच्याविरुद्धही अंतिम आदेश झाला नव्हता.

आता तो सहीचा कागद. सगळ्यात महत्त्वाचं हेच. लोकांना वाटतं, जाऊ दे, दोन पिस्तुलांचे हजार डॉलर गेले, कटकट मिटली. सही करतात. पण याच कायद्यात असं कलम आहे, की कौटुंबिक हिंसाचाराच्या प्रकरणात ज्याचं हत्यार जप्त झालं आणि परत मिळालं नाही, त्याला पुढे ओळखपत्र किंवा हँडगन खरेदीचा परवाना मिळत नाही. ती एक सही तुम्हाला न्यू जर्सीत कायमची पुरेल. माझ्याकडे एक गृहस्थ आले होते, त्यांनी स्वयंपाकघरातल्या काउंटरवर, पिझ्झाच्या बिलाखाली दबलेल्या त्याच कागदावर, न वाचता सही करून टपालात टाकला होता. पाच वर्षांनी अर्ज केला तेव्हा कळलं. मी काही करू शकले नाही.

तेव्हा सही करू नका, सुनावणी मागा, वकील घ्या. तो वकील मी नसेन हेही मोकळेपणानं सांगते. तुम्ही समुपदेशन सुरू केलंय का, तिजोरी कुठे आहे, तिचा नंबर कुणाला माहीत, हे न्यायाधीश विचारेल. आणि टेबलाच्या गोष्टीचं खरं उत्तर तयार ठेवा. मला जे लिहिलंत ते नव्हे.

प्रश्न : मी एच-वन-बी वर आहे. ऑफिसच्या मित्रांबरोबर रेंजवर गेलो, तिथं भाड्यानं पिस्तूल घेऊन पन्नास गोळ्या झाडल्या. इन्स्टाग्रामवर फोटो टाकले. मित्राची बायको म्हणते ते बेकायदा आहे. रेंजवाल्यानं तर काहीच विचारलं नाही!

उत्तर : मित्राच्या बायकोला माझ्याकडून चहा.

एच-वन-बी, एल-वन, एफ-वन, एच-फोर, बी-टू, हे सगळे 'बिगरस्थलांतरित' व्हिसा. केंद्राच्या कायद्यानं अशा माणसाजवळ बंदूक किंवा गोळी असणं गुन्हा आहे. मालकी लागत नाही, भाड्याची चालते, अर्धा तास चालतो. जून 2022 पासून कमाल शिक्षा 10 वरून 15 वर्षं झाली. कायद्यात एक खिडकी आहे, कुठल्याही राज्याचा चालू शिकारीचा परवाना. तो तुमच्याकडे नाही असं धरते.

फ्लोरिडात यूएईहून आलेला रेहाइफ नावाचा विद्यार्थी नापास होऊन कॉलेजातून निघाला, म्हणजे व्हिसा गेला, आणि नंतर रेंजवर जाऊन दोन हत्यारं चालवून आला. त्याचं प्रकरण थेट सुप्रीम कोर्टात गेलं. 2019 मध्ये कोर्ट म्हणालं, आपला दर्जा काय आहे हे आरोपीला माहीत होतं एवढं सरकारनं सिद्ध करायला हवं. तुम्हाला तुमचा दर्जा माहीत आहे, दर तीन वर्षांनी त्याचे फॉर्म भरता. ग्रीन कार्ड येईपर्यंत रेंजला जाऊ नका. झाल्या प्रकाराबद्दल आणि त्या फोटोंबद्दल इमिग्रेशन वकिलाशी समोरासमोर बसून बोला. तोवर घाईघाईनं काही पुसू नका, आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याची चर्चा तर मुळीच नको.

प्रश्न : 2012 साली पहिल्या बायकोनं पुण्यात 498 अ खाली गुन्हा दाखल केला होता. 2016 मध्ये कोर्टानं निर्दोष सोडलं. 2019 मध्ये इथं न्यू जर्सीत दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल लायसन्स निलंबित झालं. आता मी नागरिक आहे आणि हँडगन घ्यायची आहे. अर्जात हे सगळं लिहायचं का? पुण्याचं त्यांना कळणार कसं?

उत्तर : तुमचं शेवटचं वाक्य खोडून टाका, मग पुढे बोलू.

ज्या दोन गोष्टींना तुम्ही भिताय, त्यांपैकी एकीनंही आपोआप हक्क जात नाही. पुण्यात तुम्ही सुटलात. दोषी ठरला असतात तरी केंद्राच्या बंदूकबंदीत परदेशातली शिक्षा मोजत नाहीत. जपानमध्ये पिस्तुलं नेल्याबद्दल शिक्षा भोगून आलेल्या गॅरी स्मॉल यांच्या प्रकरणात 2005 मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं, कायद्यातलं 'कुठलंही कोर्ट' म्हणजे इथलंच कोर्ट. दारूचं म्हणाल, तर न्यू जर्सीत तो वाहतुकीचा नियमभंग, क्राइम नव्हे. नदीपलीकडे पेनसिल्व्हेनियात मात्र रक्तात भरपूर दारू असताना दुसऱ्यांदा सापडलं की कमाल शिक्षा पाच वर्षांपर्यंत जाते. राज्याच्या लेखी तो 'मिसडिमीनर'च, पण कमाल शिक्षा दोन वर्षांहून जास्त असलेला मिसडिमीनर केंद्राच्या बंदीत येतो. प्रत्यक्षात एक दिवस कैद झाली की शून्य, याला महत्त्व नाही. बघतात ते पुस्तकात किती लिहिलीय.

याच नियमात पेनसिल्व्हेनियाचे ब्रायन रेंज अडकले होते. 1995 मध्ये फूड स्टॅम्पच्या अर्जात घरचं उत्पन्न कमी दाखवलं, 2,458 डॉलर परत केले, तुरुंगात गेले नाहीत, आणि पुढे कळलं की बंदूक आयुष्यभर बंद. डिसेंबर 2024 मध्ये फिलाडेल्फियाच्या अपील कोर्टानं त्यांच्यापुरती ती बंदी घटनाबाह्य ठरवली. हे कोर्ट न्यू जर्सीचंही आहे, म्हणून आम्ही वकील ते निकालपत्र उशाशी घेऊन झोपतो. पण तो निकाल मिळायला माणसाची किती वर्षं गेली तेही बघा.

तुमचा खरा धोका अर्जात आहे. न्यू जर्सीत हँडगन घ्यायची तर गावच्या पोलीस प्रमुखाकडे अर्ज, बोटांचे ठसे, मानसिक आरोग्याच्या नोंदींची तपासणी, तुम्हाला ओळखणारी दोन माणसं. प्रत्येक हँडगनला वेगळा खरेदी-परवाना. आणि तो परवाना घरात ठेवण्यापुरता, कमरेला लावून फिरायचा वेगळा. अर्जात जाणूनबुजून खोटं लिहिलं तर तिसऱ्या पायरीचा गुन्हा, 3 ते 5 वर्षं. म्हणजे पुण्याच्या खटल्यानं जे झालं नसतं, ते तो लपवल्यानं होईल. प्रश्न शब्द न् शब्द वाचा. 'दोषी ठरलात का' आणि 'अटक झाली होती का' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. जे विचारलंय त्याचं खरं उत्तर द्या, निकालपत्राची प्रमाणित प्रत आणि मराठीत असेल तर तिचं इंग्रजी भाषांतर जोडा. शिवाजीनगर कोर्टातून नक्कल काढायला किती खेपा होतात ते तुम्हाला माहीत आहे, आजच भावाला पाठवा.

2022 च्या डिसेंबरपासून पोलीस प्रमुखाला आणखी एक आधार मिळालाय : अर्जदाराचा स्वभाव हत्यार हाती द्यायच्या लायकीचा नाही असं वाटलं तरी तो नाकारू शकतो. 498 अ सुटलेलं असलं तरी त्याबद्दल प्रश्न येणार, दारूबद्दल येणार. नकार आलाच तर 30 दिवसांत सुपीरियर कोर्टात दाद मागा, एकतिसाव्या दिवशी माझ्याकडे येऊ नका.

प्रश्न : मी कराडजवळच्या गावात शेती करतो. पीकसंरक्षणासाठी बारा बोअरची बंदूक आहे, परवाना चालू आहे. मुलगा न्यू जर्सीत असतो, सहा महिन्यांसाठी त्याच्याकडे येणार आहोत. बंदूक घरी एकटी ठेवायची का बरोबर आणता येईल? तिकडे म्हणे किराणा दुकानात बंदुका मिळतात, मग आपली नेली तर काय बिघडलं? (एक काका)

उत्तर : काका, तुमचं पत्र वाचून मला आमचं घर आठवलं. वडिलांकडेही रानडुकरांसाठी बारा बोअर होती. निवडणूक लागली की ती जुन्या चादरीत गुंडाळून, एसटीच्या सीटखाली आडवी घालून, तालुक्याच्या ठाण्यात जमा करायला ते जायचे. हवालदार तिचा नंबर मोठ्यानं वाचायचा, वडील "बरोबर" म्हणायचे, आणि मिळालेली पावती घरी आल्यावर देव्हाऱ्यातल्या डब्यात जायची. आचारसंहिता संपली की पावती घेऊन परत वारी. डुकरांनाही बहुधा निवडणुकीच्या तारखा माहीत असायच्या.

आणू नका. तुम्ही बी-टू व्हिसावर येताय, वर ज्या एच-वन-बीवाल्या मुलाला मी दटावलं त्याच्याच पंगतीत तुम्ही बसता. तुमचा परवाना साताऱ्याच्या जिल्हाधिकाऱ्यांचा. इथं पलीकडच्या राज्याच्या शेरीफचा चालत नाही, तिथं जिल्हाधिकाऱ्यांचं काय घेऊन बसलात! मुलाच्या घरी त्याची बंदूक असेल तर तीही हातात घेऊ नका, नातवानं फोटो काढायचा हट्ट धरला तरी. आणि किराणा दुकानाचं म्हणाल, तर काही राज्यांत मोठ्या दुकानाच्या एका कोपऱ्यात बंदुकांचा काउंटर असतो हे खरं. न्यू जर्सीत बंदूक-खरेदीच्या ओळखपत्राशिवाय शिकारीची बंदूकही मिळत नाही.

तुम्ही विचारलं नाहीत, पण गावाकडच्या तीन-चार पत्रांत प्रश्न आहे म्हणून लिहिते : भावकीच्या भांडणात गुन्हा दाखल झाला तर परवाना जातो का? आपल्याकडे शस्त्र अधिनियमाच्या 17 व्या कलमाखाली परवाना निलंबित किंवा रद्द करता येतो, पण सार्वजनिक शांततेला किंवा सुरक्षिततेला धोका आहे असं कारण लिहून. नुसती केस पडून आहे एवढ्यावर रद्द करणं चूक, असं उच्च न्यायालयांनी पुष्कळदा म्हटलंय. जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश हातात पडला की त्यात कारण काय लिहिलंय ते आधी वाचा, अपील तिथूनच सुरू होतं.

घरी कुलूप लावून बंदूक मागे ठेवू नका. सहा महिने बंद घर आणि आत बंदूक, चोरीला गेली तर जाब तुम्हालाच विचारतील. ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे रीतसर जमा करा. 2019 च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत पाच वर्षांची झाली आहे, तुमची तारीख इथल्या मुक्कामात येत नाही ना ते निघण्याआधी तपासा. येत असेल तर नूतनीकरणाचा अर्ज आधीच देऊन या. जमा केल्याची पावती मात्र बरोबर आणू नका, तिथंच धाकट्याकडे ठेवा. इमिग्रेशनच्या काउंटरवर पाकिटातून पासपोर्टाबरोबर ती बाहेर आली, तर समोरच्या अधिकाऱ्याला 'बारा बोअर' समजावून सांगण्यात तुमचा अर्धा तास जाईल.